काय मिळाले?

आपल्या ओळखीपाळखीचा कोणी ख्रिस्ती झाला अशी वार्ता कानी आली की आपल्या मंडळींच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो तो हा : "काय मिळाले त्याला?" काय पटले, असे सहसा कोणी विचारीत नाही. देवळाच्या सभामंडपात, लग्नाच्या पंगतीत, वकिलांच्या खोलीत हाच प्रश्न आम्ही ऐकत आलो आहो. प्रश्न दोन शब्दांचा आहे. परंतु त्यात निकाल आधीच देऊन टाकलेला असतो. काही मिळाल्यावाचून कोणी जात नाही, आणि जे मिळाले ते पैसा, धान्य, नोकरी अथवा शाळेची फी यांपैकीच काहीतरी असणार, असे विचारणाऱ्याने गृहीत धरलेले असते. ज्या प्रश्नाच्या पोटातच उत्तर दडलेले असते त्यास आमच्या धंद्यात 'सूचक प्रश्न' म्हणतात. उलटतपासणीत तो चालतो. शेजाऱ्याच्या अंतःकरणाची उलटतपासणी घेण्याचा अधिकार मात्र कोणत्याही कायद्याने आपल्यास दिलेला नाही.

तथापि हा प्रश्न आपल्या ओठी उगाच आलेला नाही, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. या मासिकाच्या वाचकांपैकी पुष्कळांची कुलदैवते गोमंतकात आहेत, आणि त्यांतील कित्येक आज जेथे आहेत तेथे ती मुळात नव्हती. श्रीमंगेश १५६० साली कुट्ठाळीहून अंत्रुजातील प्रियोळास आला. शांतादुर्गेला केळशी सोडून कवळ्यास यावे लागले. त्याच १५६० साली गोव्यात इन्क्विझिशनचे न्यायासन बसले आणि ते कायमचे उठावयास १८१२ साल उजाडले. १६८४ मध्ये तर तीन वर्षांच्या आत कोंकणी टाकून पोर्तुगीज बोलावे, असे फर्मान निघाले. म्हणजे देव गेला तो गेला, जिभेवरची भाषाही काढून घेण्याचा घाट घातला गेला. ज्या घरांनी देवाची मूर्ती उराशी धरून नदी ओलांडली, त्या घरांत धर्मांतराच्या नावाने आजही कपाळावर आठी पडते, यात नवल ते काय?

परंतु ज्याने सक्ती भोगली, त्यानेच सक्ती आणि खुशी यांतला भेद इतरांच्या आधी ओळखला पाहिजे. अन्याय सोसणाऱ्यास अन्यायाची नेमकी जात कळते, किंबहुना कळली पाहिजे. फर्मानाने ख्रिस्ती झालेला आणि स्वतःच्या मनाशी वर्षानुवर्षे झगडून ख्रिस्ती झालेला, या दोघांना एकाच यादीत घालणे म्हणजे आपल्याच पूर्वजांच्या दुःखाचे मोल कमी करणे होय.

उदाहरणासाठी आम्हांस बेळगाव सोडून दूर जावयास नको. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून जिचा मान मोठा, त्या 'यमुनापर्यटना'चे कर्ते बाबा पदमनजी १८३१ साली याच गावी जन्मले. घर कासारांचे, देवधर्म करणारे, खाऊनपिऊन सुखी. लंडन मिशनने बेळगावात १८२० पासून ठाणे दिले होते; त्यांच्या शाळेत बाबांचे इंग्रजी शिक्षण झाले. पुढे ते मुंबईस फ्री चर्चच्या विद्यालयात गेले. तेथे त्यांचा परमहंस मंडळीशी संबंध आला. ही मंडळी जातिभेद मानीत नसे आणि ख्रिस्त्याच्या हातचा पाव खाऊन तसे सिद्ध करी. परंतु हे सारे दार लावून, गुप्तपणे. बाबांना ते पुरेनासे झाले. आत एक आणि बाहेर एक, असे जगणे त्यांच्या मनाला मानवेना. अखेर १८५४ साली त्यांनी मुंबईच्या गर्दीत नव्हे, तर जेथे त्यांना पाळण्यापासून सगळे ओळखत होते त्या बेळगावातच बाप्तिस्मा घेतला.

आता आपला प्रश्न बाबांना लावून पाहू. काय मिळाले? त्या काळी बाप्तिस्मा म्हणजे घर सुटणे, जात सुटणे, पंगत सुटणे. सुखवस्तू घरातला, इंग्रजी शिकलेला तरुण त्या वेळी सरकारी नोकरीत सहज चढला असता. ते सोडून बाबांनी आयुष्यभर मराठीत लिहिले. लहानमोठी मिळून शंभराच्या आसपास पुस्तके त्यांच्या नावावर आहेत. 'यमुनापर्यटन' १८५७ साली निघाले. विधवाविवाहाचा कायदा होऊन तेव्हा जेमतेम एक वर्ष झाले होते, आणि त्या पुस्तकाचा विषय हिंदुस्थानातील विधवांची दशा हाच होता. १८८८ साली त्यांनी 'अरुणोदय' हे आत्मचरित्र छापले. मराठीतील पहिल्या काही आत्मचरित्रांत त्याची गणना होते. आपल्या धर्माविषयीची त्यांची कित्येक मते आम्हांस मान्य नाहीत. काही ठिकाणी त्यांची लेखणी आपल्या देवांविषयी कठोर झाली आहे, असेही आम्ही म्हणू. परंतु तो मनुष्य विकला गेला होता, असे 'अरुणोदय' वाचून कोणाही न्यायी माणसास म्हणवणार नाही.

बाबांच्या चरित्रात जो घर सोडून जातो त्याची बाजू आहे. जो मागे राहतो त्याची बाजू मराठीत कोणी मांडली असेल तर ती लक्ष्मीबाई टिळक यांनी. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंना त्याची कल्पना नव्हती, संमती तर नव्हतीच. माहेरचे सोवळे असे की बाजारातून येणारी जिन्नस धुतल्यावाचून घरात यावयाची नाही. अशा घरात वाढलेल्या, पदरी लहान मूल असलेल्या स्त्रीवर आकाशच कोसळले. नवरा जिवंत असून ती एकटी. कुंकू कपाळावर असून लोकांच्या नजरेत निराधार. काही वर्षे त्यांनी नातलगांच्या आश्रयाने काढली, त्यांत पंढरपूरचाही वास घडला.

येथे आम्हां वकिलांच्या नजरेस एक गोष्ट पडल्यावाचून राहत नाही. १८६६ सालचा एकविसावा कायदा तेव्हा लागू होता. ख्रिस्ती झालेल्या माणसाची पत्नी धर्माच्या कारणाने त्याच्याकडे नांदावयास येत नसेल, तर त्यास न्यायालयाकडून विवाह मोडून घेता येत असे. कायदा अगदीच निर्दय नव्हता. पत्नीचे म्हणणे ऐकून, वर्षभराची मुदत देऊन, मग निर्णय करावा, अशी त्यात तजवीज होती. टिळकांनी त्या कायद्याचे दार ठोठावले नाही. ते थांबले. पत्नी परत आली तेव्हा तिचे सोवळे तिला पाळू दिले, तिची चूल निराळी राहू दिली. आणि गंमत पाहा, लक्ष्मीबाईंच्या मनातून आधी गेला तो जातिभेद. बाप्तिस्मा मागाहून, १९०० साली झाला. कोणी ढकलले म्हणून त्या गेल्या नाहीत, आणि कोणी अडवले म्हणून थांबल्या नाहीत. स्वतःच्या पायाने, स्वतःच्या वेळी गेल्या.

पुढच्या आयुष्यातही दुःखे काही कमी आली नाहीत. १९१९ साली टिळक गेले. त्यांनी आरंभिलेल्या 'ख्रिस्तायना'चे थोडेच अध्याय त्यांच्या हातून झाले होते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईंनी साठाहून अधिक अध्याय रचून ते काव्य पुरे केले. १९३४ पासून 'स्मृतिचित्रे' निघू लागली आणि मराठी गद्याला एक निराळाच सहज, हसरा आवाज सापडला. ज्या बाईला रडावयास एवढी कारणे होती, तिने मराठी वाचकाला हसवले. श्रद्धेने माणूस वाढला की खुंटला हे पाहावयाचे असेल तर यापरती कसोटी आम्हांस ठाऊक नाही. टिळक स्वतः म्हणत की आपण तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो. ज्या भूमीत तुकोबा झाले त्या भूमीशी नाते तोडल्यावाचून एक मनुष्य दुसऱ्या देवाच्या पायी गेला, हे आपण समजून घ्यावयास हवे.

यावर कोणी म्हणेल, ही थोरामोठ्यांची उदाहरणे झाली. गरीब माणूस मात्र भाकरीसाठीच जातो. दुष्काळाच्या वर्षांत काही माणसे भाकरीमागे गेली हे खरे आहे, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. परंतु भाकरीने माणूस येतो तसा भाकर संपल्यावर परतही जातो. मिरजेचे मिशनचे रुग्णालय डॉक्टर वानलेस यांनी १८९४ साली उभारले. निपाणी, चिकोडी, बेळगाव या बाजूची हजारो माणसे पिढ्यान्‌पिढ्या तेथे उपचार घेऊन आली. आली ती आपापल्या कुलस्वामीला अभिषेक करावयास. उपकाराने धर्म बदलत असता तर या मुलखात देवळे ओस पडावयास हवी होती. आणि ज्यांना आपण देवळाच्या पायरीशीही उभे राहू दिले नाही, त्यांनी दुसरे दार ठोठावले, तर त्याचा जाब प्रथम कोणास विचारावा? पंढरीचे दार सर्वांना उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७ साली प्राण पणास लावावे लागले. तोवर किती पिढ्या त्या दाराबाहेर गेल्या!

आता आमच्या वकिलीतील एक हकीकत. नावगाव आम्ही सांगणार नाही. निपाणीच्या बाजूची एक बाई आमच्याकडे अशील म्हणून आली. विड्या वळून पोट भरणारी. नवरा आधी गेला, पाठोपाठ वयात आलेला मुलगा तापाने गेला. मागे धाकटी मुलगी आणि डॉक्टरांचे देणे राहिले. दिवसा हात चालत, रात्री डोळा लागत नसे. शेजारच्या दोन ख्रिस्ती बायका संध्याकाळी तिच्या ओसरीवर येऊन बसत. तिच्या वाट्याचा तंबाखू आपल्या सुपात घेत, तिच्या विड्या वळून देत आणि वळता वळता गाणी म्हणत. वर्षभराने ती त्यांच्याबरोबर रविवारच्या प्रार्थनेस जाऊ लागली, आणि पुढे तिने बाप्तिस्मा घेतला.

तिचा बाप मृत्युपत्र न करता वारला. जमीन त्याच्या स्वकष्टाची. उतारा मात्र दोघा भावांच्या नावे झाला. बाईने वाटणीचा दावा लावला. भावांनी कैफियत दिली ती अशी की, बहीण धर्म सोडून गेली, सबब तिचा वारसाहक्क बुडाला. पुष्कळ सुशिक्षितांचीही अशीच समजूत असते, म्हणून कायदा येथे सांगून ठेवतो. धर्म बदलल्याने माणसाचा वारसाहक्क जाऊ नये, हे तत्त्व आपल्या देशात १८५० च्या एकविसाव्या कायद्याने आले. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम २६ ने, धर्मांतरानंतर त्या व्यक्तीस झालेल्या मुलांना हिंदू नातलगांच्या वारशातून वगळले आहे. धर्म बदलणाऱ्यास स्वतःला वगळलेले नाही. मुंबई उच्च न्यायालयानेही २०१८ साली असाच निर्णय दिला आहे. बापाचे आणि लेकीचे नाते देवाच्या नावाने तुटत नाही, एवढाच याचा सरळ अर्थ.

उलटतपासणीत भावांच्या विद्वान वकिलांनी बाईस तोच प्रश्न केला : "धर्म बदलून काय मिळाले तुम्हांला? पैसे मिळाले? धान्य मिळाले?" बाई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "झोप लागाया लागली, साहेब." न्यायालयात कोणी हसले नाही. प्रतिपक्षाच्या वकिलांनी पुढचा प्रश्न विचारला नाही. आमच्या आजवरच्या वकिलीत इतके लहान आणि इतके पुरेसे उत्तर आम्ही ऐकलेले नाही.

दाव्याचा निकाल तिच्या बाजूने झाला. निकालाची नक्कल घेऊन ती आमच्या कचेरीत आली आणि आम्हांस ती वाचून दाखवावयास सांगितली. सगळे ऐकून घेऊन तिने विचारले, "साहेब, ह्यात माहेरी जायचं लिवलंय का?" आम्ही गप्प राहिलो. न्यायालय जमीन देऊ शकते. माहेर देण्याची शक्ती कोणत्याही हुकूमनाम्यात नाही.

पुढे थोरला भाऊ मिरजेच्या एका इस्पितळात पडला. भावजयीला लहान मुले टाकून राहता येईना. ही बाई गेली आणि तो उठून बसेपर्यंत त्याच्या उशाशी राहिली. तिने त्याला उपदेश केला नाही, दाव्याचा शब्द काढला नाही. रात्री जागणे तिला सवयीचेच होते, असे ती आम्हांस नंतर हसून म्हणाली. त्या साली गावच्या जत्रेला भावजयीने भाच्याच्या हाती तिच्याकडे पोळ्यांचा डबा धाडला. सोबत निरोप असा : "वन्सं, देवाला दाखवायच्या आधी काढून ठेवल्यात, तुम्हांला चालतील म्हणून."

वाचकांनी या निरोपाचे मोल नीट ध्यानी घ्यावे. मूर्तीपुढे ठेवलेले ख्रिस्ती माणूस खात नाही, हे त्या खेडवळ भावजयीला ठाऊक होते. आणि नैवेद्याआधी पोळी बाजूस काढणे आपल्या घरांत किती अवघड असते, हे आपणांपैकी प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. तिने आपला देव सोडला नाही, नणंदेलाही सोडावयास लावला नाही. दोन देवांच्या मध्ये तिने पोळ्यांचा एक डबा ठेवला. सहिष्णुतेवर आम्ही व्याख्याने पुष्कळ ऐकली आहेत. त्यांतील एकही या डब्याइतके आमच्या लक्षात राहिलेले नाही.

आपल्या राज्यघटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने प्रत्येकास अंतःकरणाचे स्वातंत्र्य दिले आहे. आपल्या धर्माचा प्रसार करता येतो, पण दुसऱ्याचे धर्मांतर घडविण्याचा हक्क त्यात येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली सांगितले. म्हणजे ओढणाऱ्याचा हात कायद्याने अडवला. जाणाऱ्याचे अंतःकरण त्याने मोकळे ठेवले. सीमाभागातील माणसास हे निराळे समजावून सांगावयास नको. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव-निपाणीचा मुलूख मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. नकाशावरची रेषा सरकली. घरात आई लेकराशी ज्या भाषेत बोलते ती भाषा सरकली नाही. आपली जीभ कोणी हुकमाने वळवू नये, असे आपण इतकी वर्षे म्हणत आलो. तसे म्हणणाऱ्याने, दुसऱ्याचे अंतःकरण हुकमाने वळवू नये आणि हुकमाने अडवूही नये, हेदेखील मान्य केले पाहिजे.

आम्ही स्वतः मंगेशाच्या पायाशी आहो आणि तेथेच राहू. जो तेथून उठून जातो त्याच्याविषयी आम्हांस वाईट वाटते, हे लपविण्याचे कारण नाही. परंतु त्या वाईट वाटण्याचा उपयोग त्याच्यावर आरोप करण्याकडे न करता, स्वतःस एक प्रश्न विचारण्याकडे करावा, असे आमचे म्हणणे आहे. ती बाई वर्षभर रात्री जागी होती. गावात देऊळ होते, पंच होते, भावकी होती. त्यांतला एक तरी माणूस तिच्या ओसरीवर जाऊन बसला होता काय? एखादी तरी विडी कोणी तिला वळून दिली होती काय? 'काय मिळाले' हे विचारण्याआधी, आपल्यापाशी असताना तिला काय मिळाले नाही, याची चौकशी आपल्या सभामंडपात बसून आपण करावी. ती प्रामाणिकपणे केली, तर जो गेला त्याच्याविषयी मनात राग उरणार नाही, आणि जो अजून आपल्यापाशी एकटा जागा आहे, त्याच्या दारी आज संध्याकाळीच आपली पावले वळतील.